सनद देणाऱ्यानंच शाळा का चालवायची?

एलएलएम, म्हणजे कायद्यातली पदव्युत्तर पदवी, एक वर्षाची असावी की दोन वर्षांची, या किरकोळ वाटणाऱ्या प्रश्नावरून सुप्रीम कोर्टात जो वाद चाललाय त्याकडे आपल्याकडे फारसं कोणी बघितलंच नाही, आणि ज्यांनी बघितलं त्यांनी लगेच दोन तट पाडले. यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) २०१३ मध्ये एक वर्षाचं एलएलएम आणलं, बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या देशपातळीवरच्या संस्थेनं जानेवारी २०२१ मध्ये नियम गॅझेटात छापून ते मोडीत काढायचं ठरवलं, नॅशनल लॉ युनिव्हर्सिट्यांचं कन्सॉर्टियम म्हणजे संघ कोर्टात गेला आणि २०२५ मधल्या एका सुनावणीत बेंचनंच तोंडी विचारलं की शिक्षणाच्या कामात बार कौन्सिल कशाला पडतंय, ते शिक्षणतज्ज्ञांवर सोडा की. झालं. प्राध्यापक मंडळी खूश, वकील मंडळी भडकली. एकीकडून 'कोर्टाची पायरी न चढलेल्या मास्तरांना काय कळतं', दुसरीकडून 'निवडणुका लढवणाऱ्या वकिलांना काय कळतं'. म्हणजे प्रश्न घटनेचा, आणि भांडण चाललंय कोणाला जास्त कळतं याचं.

माझं म्हणणं सरळ आहे. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, कोणाला द्यायची हे ठरवणं बार कौन्सिलचं काम, ते त्यांनी कडकपणे करावं, हवं तर आत्ताच्यापेक्षा दुप्पट कडक. पण सनदेच्या दारावर उभं राहायचा अधिकार आहे म्हणून वर्गात काय शिकवायचं, किती वाजता शिकवायचं, किती वयाच्या माणसाला शिकवायचं आणि नवीन कॉलेज निघू द्यायचं की नाही, हे सगळं एकट्यानंच ठरवायचं, याला कायद्यात आधार फार पातळ आहे आणि घटनेत त्याहून पातळ. आणि हा एकहाती ताबा काढून घ्यायचा म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी एकट्याच्या हातात द्यायचा, असंही नाही.

आधी कायदा काय म्हणतो ते बघू, कारण वाद घालणाऱ्या निम्म्या लोकांनी तो उघडलेला नसतो. ॲडव्होकेट्स ॲक्ट १९६१ चा. त्यातलं कलम ७(१)(एच) बार कौन्सिलला कायद्याच्या शिक्षणाला चालना द्यायला आणि त्याचा दर्जा ठरवायला सांगतं, पण विद्यापीठांशी आणि राज्यांच्या बार कौन्सिलांशी सल्लामसलत करून. पुढचं कलम ७(१)(आय) म्हणतं, ज्या विद्यापीठाची पदवी सनदेसाठी चालेल त्याला मान्यता द्या आणि तेवढ्यासाठी जाऊन तपासणी करा. शिक्षण समिती दहा जणांची, त्यातले पाच बार कौन्सिलचेच सभासद आणि उरलेले पाच बाहेरचे, पण ते बाहेरचेही बार कौन्सिलनंच घेतलेले. आता या कायद्याचं मूळ कुठे आहे? सुप्रीम कोर्टानं १९६८ सालीच मोहिंद्रू खटल्यात सांगितलं की हा कायदा घटनेतल्या केंद्राच्या विषयांच्या यादीतल्या ७७ आणि ७८ या नोंदींखाली येतो, म्हणजे सुप्रीम कोर्टात आणि हायकोर्टात वकिली कोणी करायची या विषयाखाली. उच्च शिक्षणाचा दर्जा ही वेगळी नोंद, ६६ नंबरची, यूजीसी तिकडून आली. म्हणजे बार कौन्सिलचा शिक्षणाशी संबंध येतो तो सनदेच्या वाटेनं, सनदेपुरता. मग ज्या एलएलएमचा सनदेशी काडीचा संबंध नाही, जे करून कोणी वकील होत नाही, बहुतेक लोक मास्तर होतात, ते किती वर्षांचं असावं हे वकिलांची निवडून आलेली संस्था कोणत्या अधिकारात ठरवते?

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात दणकट मुद्दा. बार कौन्सिलनं लगाम सोडला तर गल्लोगल्ली लॉ कॉलेजं निघतील आणि डिग्र्या वाटतील. हा मुद्दा खोटा नाही, अजिबात नाही. जिल्ह्याच्या गावातलं एखादं लॉ कॉलेज तपासणीच्या दिवशी कसं दिसतं ते त्या वर्तुळातल्या कोणालाही विचारा. मूट कोर्टाच्या (सरावाच्या खोट्या खटल्यांच्या) हॉलला ताज्या व्हार्निशचा वास, लायब्ररीत एआयआरचे, म्हणजे कोर्टाच्या निकालांचे, व्हॉल्यूम ज्यांची पानं अजून एकमेकांना चिकटलेली, कधी न दिसणारे प्राध्यापक कोट घालून स्टाफरूममध्ये बसलेले, आणि ऑफिसात पुष्पगुच्छ, शाल, जेवणाची ऑर्डर. कमिटी निघून गेली की आठवड्यात परत पहिल्यासारखं, लेक्चरला सहा पोरं आणि मस्टरवर साठ सह्या. पण मला सांगा, ही कॉलेजं आली कुठून? बार कौन्सिलच्याच आकड्यानुसार देशात दोन हजाराच्या आसपास लॉ कॉलेजं आहेत, आणि त्यातलं एकही त्यांच्या मान्यतेशिवाय सनदेचा विद्यार्थी तयार करू शकत नाही. किल्ली १९६१ पासून त्यांच्याच खिशात आहे. ज्याच्या पहाऱ्यात चोरी झाली त्यानंच उठून 'बघा किती चोऱ्या होतायत, मला अजून अधिकार द्या' म्हणायचं, आणि आपण माना डोलवायच्या? ऑगस्ट २०२५ मध्ये नवीन कॉलेजांवर तीन वर्षांची बंदी घातली (आदिवासी, मागास भाग वगैरेंसाठी थोडे अपवाद ठेवून), त्यानं आत्ता चालू असलेल्या भिकार कॉलेजाचं काय वाकडं होणार आहे? उलट त्याला तीन वर्षं नवीन स्पर्धक नाही. व्हार्निशचा खर्चसुद्धा वाचला.

बरं, दर्जा राखायला दुसरं हत्यार नाही असंही नाही. ते हत्यार बार कौन्सिलच्या हातात आहे आणि त्यासाठी ते घटनापीठापर्यंत भांडून आलेत. गोष्ट थोडी लांब आहे पण सांगतो. १९९५ मध्ये त्यांनी नियम केला की सनदेआधी एक वर्ष सीनियरकडे ट्रेनिंग करा, सुप्रीम कोर्टानं १९९९ मध्ये व्ही. सुदीर खटल्यात तो उडवला, म्हणाले तुम्हाला हा अधिकारच नाही. मग २०१० मध्ये ऑल इंडिया बार एक्झामिनेशनचा ठराव आला, पहिली परीक्षा मार्च २०११ मध्ये झाली, तिलाही आव्हान मिळालं, आणि शेवटी १० फेब्रुवारी २०२३ ला पाच जजांच्या बेंचनं बोनी फोई लॉ कॉलेजच्या प्रकरणात सांगितलं की परीक्षा घ्यायचा अधिकार बार कौन्सिलला आहे, सनदेआधी घ्या नाहीतर नंतर घ्या, आणि सुदीरचा निकाल बरोबर नव्हता. हा निकाल माझ्या बाजूला अडचणीचा आहे हे मान्यच करायला पाहिजे, कारण त्यात बार कौन्सिलचे अधिकार चांगले ऐसपैस वाचलेत आणि उद्या त्यांचे वकील कोर्टात हाच निकाल नाचवणार. पण जरा पुढे विचार करा. दारात परीक्षा घ्यायचा पक्का अधिकार मिळाल्यावर, दाराच्या मागे पोरगा कुठल्या वर्गात बसून, किती वाजता शिकला याची चौकशी करायची गरज वाढते की कमी होते? परीक्षा कुचकामी असेल, बेअर ॲक्ट (कायद्याचा नुसता मजकूर) उघडून पाठ न करता पास होता येत असेल, तर परीक्षा अवघड करा. प्रत्येक कॉलेजची किती पोरं बसली, किती पास झाली हा तक्ता दरवर्षी मराठीत, इंग्रजीत, पेपरात छापा. त्या एका तक्त्यानं जेवढी दुकानं बंद होतील तेवढी शंभर कमिट्यांच्या शालींनी होणार नाहीत.

आणि ही काही माझ्या डोक्यातून निघालेली नवी कल्पना नाही, आपल्या पुण्यातच हे होऊन गेलंय. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जिल्हा वकील, हायकोर्ट वकील अशा परीक्षा हायकोर्ट घ्यायचं आणि त्यांची तयारी करून घेणारा लॉ क्लास पुण्यात कोण चालवायचं? लोकमान्य टिळक. पोटापाण्यासाठी. न. चिं. केळकर १८९६ मध्ये टिळकांकडे आले ते त्यांच्या वर्तमानपत्रांच्या कामासाठी तसेच या लॉ क्लासच्या मदतीलाही. सरकारच्या डोळ्यात सलणारा माणूस कायदा शिकवतोय आणि शिकवायला त्याला कोणत्या तपासणी कमिटीला शाल घालावी लागत नव्हती, कारण कडक राहायचं ते परीक्षेच्या टेबलावर. त्या काळातली व्यवस्था सोन्याची होती असं माझं म्हणणं नाही. वकिलांच्या तेव्हा नाना जाती होत्या, मुखत्यार, प्लीडर, हायकोर्ट वकील, बॅरिस्टर, आणि मुंबई हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडला (जिथे दावे थेट हायकोर्टात चालतात) बॅरिस्टरांचाच दबदबा. १९६१ च्या कायद्यानं ही उतरंड मोडून सगळ्यांना एकच ॲडव्होकेट केलं, ते चांगलंच झालं. पण उतरंड मोडताना शिकवायचं स्वातंत्र्यही बरोबर गेलं पाहिजे असं कुठे होतं?

दुसरा मुद्दा स्वातंत्र्याचा, आणि हा मला पहिल्यापेक्षा जास्त विचार करायला लावतो. बार कौन्सिलकडून काढलं तर ते सरकारकडे जाणार, आणि सरकारच्या ताब्यातला वकील हा वकील राहत नाही. ही भीती हवेतली नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रानं ॲडव्होकेट्स ॲक्टच्या दुरुस्तीचा मसुदा आणला, त्यात बार कौन्सिलवर सरकारनं आपली माणसं नेमायची सोय होती, देशभर वकील रस्त्यावर आले, काम बंद पडलं आणि सरकारला तो मसुदा मागे घ्यावा लागला. बरोबरच केलं वकिलांनी. डॉक्टरांचं उदाहरणही सगळ्यांना माहीत आहे, मेडिकल कौन्सिल बदनाम झाली म्हणून २०२० मध्ये तिच्या जागी नॅशनल मेडिकल कमिशन आणलं, आणि २०२५ मध्ये कॉलेजांच्या तपासणीतल्या लाचेवरून सीबीआयचा गुन्हा परत दाखल झालाच. नुसती पाटी बदलून काही होत नाही.

पण यातून 'म्हणून सगळं वकिलांच्याच संस्थेकडे राहू द्या' हा निष्कर्ष कसा निघतो? धंद्याची स्वतःची संस्था असली की ती आपोआप स्वातंत्र्य जपते का? लंडनच्या इन्स या बॅरिस्टरांच्या संस्था, इतक्या जुन्या आणि स्वायत्त संस्था वकिलीत क्वचितच सापडतील. सावरकरांच्या काळात इंग्लंडमध्ये बॅरिस्टर व्हायचं तर त्यांच्याच दारातून, अमुक इतकी डिनर जेवून, दुसरी वाटच नव्हती. अगदी शंभर टक्के ताबा. त्यातल्या ग्रेज इननं १९०९ मध्ये सावरकरांना परीक्षा पास होऊनही बॅरिस्टर करायला नकार दिला, इनर टेंपल या दुसऱ्या इननं त्याच वर्षी श्यामजी कृष्ण वर्मांचं नाव काढून टाकलं आणि १९२२ मध्ये गांधीजींचं. परत नाव घालायला गांधीजींसाठी १९८८ उजाडलं आणि श्यामजींसाठी २०१५. सावरकर, गांधी, कोणाचंही राजकारण तुम्हाला पटो न पटो, मुद्दा वेगळाच आहे. या बंद खोलीत सरकारचा एकही नेमलेला माणूस नव्हता, तरी काम सरकारला हवं तेच झालं. एकच दार असलं की त्याच्या किल्लीवर दबाव आणणं सोपं जातं, किल्ली वकिलाकडे असो की मंत्र्याकडे. आणि आत बसलेले लोक आपणहून दार उघडतात का? नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी ऑक्सफर्डची बीसीएल ही कायद्याची परीक्षा १८९२ मध्ये दिली, पुढे मुंबई विद्यापीठाची एलएलबी केली, पण बाईला वकिली करता यावी म्हणून शेवटी १९२३ मध्ये कायदेमंडळाला वेगळा कायदा करावा लागला.

प्राध्यापकांच्या हाती द्या म्हणणाऱ्यांनीही फार हुरळून जाऊ नये. अमेरिकेत लॉ स्कूलांना मान्यता देणारी यंत्रणा अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेची, १९९५ मध्ये तिथल्या न्यायखात्यानं तिच्यावर मक्तेदारीचा दावा लावला, आणि तक्रार काय होती? की मान्यतेच्या निकषांवर लॉ स्कूलवाल्यांनीच पकड बसवली आणि स्वतःचे पगार वाढतील असे निकष केले. मास्तर झाला म्हणून तो साधू होत नाही. आपल्याकडच्या विद्यापीठांचे निकाल किती महिने रखडतात ते लॉच्या पोरांना सांगायला नको. म्हणूनच मी ताबा इकडून तिकडे देत नाहीये, तोडायला सांगतोय. सनद आणि परीक्षा बार कौन्सिलकडे, अभ्यासक्रम विद्यापीठाकडे, सनदेला लागणारे मोजके विषय दोघांनी मिळून ठरवायचे (आत्ता वीस सक्तीचे, चार क्लिनिकल म्हणजे प्रात्यक्षिकाचे आणि वर ऐच्छिक अशी अख्खी जंत्री नियमातच छापलेली आहे), आणि कॉलेजच्या मान्यतेसाठी अशी तिसरी संस्था जिच्यात ना सरकारचं बहुमत ना वकिलांचं.

हे सगळं वाचून कोणाला वाटेल की हा संस्थांच्या मानापमानाचा खेळ आहे, सामान्य माणसाला काय त्याचं. तर बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमातलं एक बारीकसं वाक्य बघा. पूर्ण निवासी नसलेल्या कॉलेजात लॉचे वर्ग सकाळी आठ ते संध्याकाळी सात या वेळेतच घ्यायचे. लायब्ररी मात्र रात्री दहापर्यंत उघडी ठेवली तर चालेल. म्हणजे रात्री साडेसातला वीज आहे, खोली आहे, खुर्ची आहे, पुस्तक आहे, फक्त शिकवणारा माणूस तिथे उभा राहिला तर बेकायदा. आता एक माणूस डोळ्यासमोर आणा, एखाद्या वकिलाच्या ऑफिसात कारकून. वकालतनामा, कोर्ट फीचे स्टॅम्प, रोजनाम्याच्या नकला, कोणत्या टेबलावर फाईल अडते हे त्याला नव्या वकिलापेक्षा चांगलं ठाऊक. त्याला एलएलबी करायचंय. ऑफिस साडेसहाला सुटतं, साहेबांचं आवरेपर्यंत सात. त्यानं काय करायचं? नोकरी सोडायची, नाहीतर जिथे मस्टरवर सह्या मिळतात तिथे ॲडमिशन घ्यायची. दर्जाच्या नावानं केलेला नियम माणसाला थेट दर्जाहीन कॉलेजाच्या दारात नेऊन सोडतो. त्यावर सप्टेंबर २०२४ मध्ये बार कौन्सिलचं परिपत्रक आलं की बायोमेट्रिक हजेरी लावा, सीसीटीव्ही बसवा, आणि विद्यार्थ्यानं नोकरी करत असल्यास ते जाहीर करावं. अहो, ज्या देशात कितीतरी वकील नोकरी करून शिकले त्या देशात नोकरी ही जाहीर करायची गोष्ट झाली! दिल्ली हायकोर्टानं नोव्हेंबर २०२५ मध्ये हजेरी कमी म्हणून लॉच्या विद्यार्थ्याला परीक्षेपासून अडवू नका असं सांगितलं आणि हजेरीचे नियम परत तपासायला लावले, ते उगीच नाही.

पैशाचंही तेच. ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये सनदेची फी स्पष्ट लिहिलेली, साधारण उमेदवाराला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५. प्रत्यक्षात राज्यांच्या बार कौन्सिलांनी वेगवेगळ्या नावांखाली पंधरा हजार, वीस हजार, ओडिशात तर ४२,१०० रुपये घेतले. सुप्रीम कोर्टानं ३० जुलै २०२४ ला सांगितलं की कायद्यात आहे त्यावर एक रुपया घेता येणार नाही. कायदा रक्षणाची संस्था, आकडा कायद्यात छापलेला, तरी वर्षानुवर्षं हे चाललं, कारण सनद दुसरीकडे मिळत नाही. मी हे वकिलांना लुटारू म्हणायला सांगत नाही, त्यातून नव्या-जुन्या वकिलांच्या कल्याणाच्या योजना चालत होत्या हे खरं आहे. पण ज्यांच्याकडे मतदार म्हणून फक्त आधीच सनद मिळालेले लोक येतात, त्यांना सनद मिळायची असलेल्या पोराची काळजी कशाला वाटावी? तो मतदार नाही. तो उद्याचा स्पर्धक आहे. आणि त्या निवडणुकाही वेळेवर होतात असं नाही, मुदत उलटून गेलेल्या बार कौन्सिलांच्या निवडणुका लावा म्हणून २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टालाच मागे लागावं लागलं.

घटनेचा मुद्दा इथेच येतो. कलम १९(१)(जी) कोणताही व्यवसाय करायचं स्वातंत्र्य देतं, १९(६) सरकारला त्या व्यवसायाला लागणारी पात्रता ठरवू देतं. पात्रता माणसाची असते. ती माणसाकडे आहे की नाही हे तपासा, जितकं बारकाईनं तपासायचं तितकं तपासा. पण ती त्यानं ठरावीक वयाच्या आत, ठरावीक वेळेच्या वर्गात मिळवली तरच ती पात्रता, नाहीतर नाही, असं म्हटलं की ती पात्रतेची अट राहत नाही, ती माणसांच्या संख्येवरची अट होते. सुप्रीम कोर्टानं १९९५ मध्येच ४५ वर्षांवरच्यांना सनद नाकारणारा नियम रद्द केला होता. बार कौन्सिलनं काय केलं? २००८ च्या नियमात वयाची अट सनदेवरून उचलून कॉलेजच्या ॲडमिशनवर नेऊन ठेवली, तीन वर्षांच्या कोर्सला तीस आणि पाच वर्षांच्या कोर्सला वीस. ती वादात सापडली, मागे घेतली, २०१६ मध्ये परत आणली, मार्च २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाला स्थगिती द्यावी लागली.

हा नमुना ओळखून ठेवण्यासारखा आहे, कारण एलएलएमच्या खटल्यात निकाल कुठल्या मुद्द्यावर लागतो यावर सगळं अवलंबून आहे. घानामध्ये हेच झालं. तिथे वकील व्हायचं तर १९५८ पासून घाना स्कूल ऑफ लॉ हे एकच दार होतं. प्रवेश परीक्षा आणि मुलाखत लावली होती पण नियमात तिचा पत्ता नव्हता, २०१७ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं ती घटनाबाह्य ठरवली, लोकांनी पेढे वाटावेत असा निकाल. पुढे काय झालं? पुढच्याच वर्षी परीक्षा रीतसर नियमात लिहून घेतली, आणि २०१९ मध्ये १,८२० पैकी फक्त १२८ जण पास झाले. आपल्याकडेही नवीन कॉलेजांवरची २०१९ ची बंदी पंजाब-हरियाणा हायकोर्टानं डिसेंबर २०२० मध्ये उडवली, तेव्हा ती साध्या ठरावानं घातलेली होती. २०२५ ची बंदी बघा, ती 'नियम' म्हणून आली आहे. कोर्टानं कागद चुकला म्हणून हरवलं की पुढच्या वेळी कागद बरोबर येतो, एवढाच फरक पडतो.

म्हणून कन्सॉर्टियमच्या वकिलांनी एक वर्ष की दोन वर्षं यावर वेळ घालवू नये आणि कोर्टानंही तेवढ्यावर निकाल देऊ नये. कलम ७(१)(एच) मधला दर्जा सनदेपुरता आहे की वर्गाच्या आतपर्यंत जातो, आणि सल्लामसलत म्हणजे विद्यापीठांना पत्र पाठवणं की त्यांचं ऐकणं, या दोन प्रश्नांची उत्तरं लेखी मागावीत. ती न घेता नुसता एलएलएमचा नियम पाडून घेतला तर ऑगस्ट २०२८ ला कॉलेजबंदीची मुदत संपायच्या आत पुढचं गॅझेट तयार असेल, आणि त्याला आव्हान देणारी रिट ज्यांना ड्राफ्ट करावी लागेल ती पोरं बहुतेक आत्ता लॉच्या पहिल्या वर्षाला आठच्या लेक्चरसाठी अंगठा लावायच्या लायनीत उभी आहेत.